पश्चिमेच्या उन्हासाठी अंगणात कोणतं झाड?

पत्र: "घराच्या पश्चिमेला ५० फूट लांब आणि भिंतीपासून कुंपणापर्यंत ३० फूट रुंद अंगण आहे, सध्या पूर्ण उघडं. त्या बाजूला दोन खोल्या आहेत, प्रत्येकीला एक खिडकी, आणि दोन खिडक्यांमध्ये १८ फूट अंतर. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर या खोल्यांत बसवत नाही. सावली हवी, झाडही देखणं हवं, म्हणून एक गुलमोहर आणि एक सप्तपर्णी लावायचा विचार आहे. रोपवाटिकेत बारा फूट उंचीची तयार झाडं मिळतात. वरची दीड फूट माती बरी आहे, खाली मुरूम लागतो. नैऋत्य कोपऱ्यात सेप्टिक टँक आहे. पानांचा कचरा कमी झाला तर बरं. काय लावू, कुठे लावू आणि किती लावू?"

उत्तर:

तुमच्या मनातली दोन्ही झाडं या जागेसाठी आम्ही सुचवणार नाही. दोन्ही सुंदर आहेत, पण एक ऐन गरजेच्या वेळी सावली देत नाही आणि दुसरं या अंगणात मावत नाही. तुम्हाला दोनच झाडं पुरतील: एक ताम्हण आणि एक बकुळ, दोन्ही भिंतीपासून १५ फुटांवर.

झाडाच्या आधी जागा पक्की करा. पश्चिमेचं ऊन म्हटलं की बहुतेक जण नैऋत्य कोपऱ्याकडे बघतात आणि तिथेच गणित चुकतं. २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास मे महिन्यात दुपारनंतरचा सूर्य नैऋत्येला नसतोच. तो पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे, साधारण ८ ते १५ अंश सरकलेला असतो. नैऋत्येला असतो तो हिवाळ्यातला सूर्य. म्हणजे त्या कोपऱ्यात लावलेलं झाड मेमध्ये खिडकी उघडीच ठेवतं आणि डिसेंबरमधलं हवंसं ऊन मात्र अडवतं.

हे डोळ्यांनी पाहून घ्या. ३ फुटांची सरळ काठी अंगणात ओळंब्यात रोवा आणि मेमधल्या एखाद्या स्वच्छ दिवशी ३, ४ आणि ५ वाजता तिच्या सावलीच्या टोकावर खूण करा. मे हातचा गेला असेल तर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पावसाने उघडीप दिलेला दिवस धरा, तेव्हा सूर्याची वाट जवळजवळ तीच असते. सावलीच्या टोकाकडून काठीच्या तळाकडे जाणारी रेघ सूर्याची दिशा दाखवते. खिडकीच्या मध्यापासून त्या रेघेला समांतर दोरी ताणली की झाड कुठल्या रेषेवर हवं ते जमिनीवरच दिसतं. तुमच्या बाबतीत ती जागा खिडकीच्या अगदी समोर न येता उत्तरेकडे ३ फूट सरकलेली येईल.

झाडाची उंचीही याच काठीवरून निघते. काठीच्या उंचीला सावलीच्या लांबीने भागा, उत्तराला खिडकी आणि झाड यांच्यातल्या अंतराने गुणा, आणि त्यात खिडकीच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मिळवा. चार वाजता ३ फुटांच्या काठीची सावली साधारण साडेचार फूट पडते. झाड १५ फुटांवर आणि खिडकीचा मध्य ५ फुटांवर धरला तर उत्तर येतं १५ फूट. याचा अर्थ चार वाजताचं ऊन अडवायला झाडाची १५ फूट उंचीवरची पानं कामाला येतात. तीन वाजता सूर्य वर असतो, तेव्हा सुमारे २२ फुटांवरची पानं लागतात. पाच वाजता तो खाली उतरतो आणि काम साडेदहा फुटांवरच्या पानांवर येतं. (हे आकडे सूर्याच्या वेळेचे आहेत. घड्याळात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून शेवटी काठीचंच ऐका.)

या गणितातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे चाळीस-पन्नास फुटी वृक्षाची तुम्हाला गरजच नाही, २५ फूट उंच आणि २० फूट पसाऱ्याचं मध्यम झाड पुरतं. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. झाड 'मोकळं दिसावं' म्हणून खालच्या फांद्या १२-१३ फुटांपर्यंत छाटल्या की पाच वाजताचं ऊन घेराच्या खालून सरळ खिडकीत येतं. झाड मोठं असतं, हिरवं असतं, आणि खोली तरी तापते. भिंतीकडच्या बाजूचा घेर ८ फुटांच्या वर उचलू नका.

साडेपाचनंतरचं तिरपं ऊन कुठलंच झाड अडवणार नाही. त्यासाठी भिंतीपासून १० फुटांवर तगर किंवा जास्वंदीची रांग लावा, दोन झुडपांत ३ फूट अंतर ठेवा आणि उंची ७-८ फुटांवर राखा. झाडं मोठी झाल्यावर त्यांच्या सावलीत जास्वंद फुलायची कमी होते. तगर मात्र सावली बरी सोसते, म्हणून आमचा कल तगरीकडे आहे.

आता झाडं. शोभेचं झाड निवडताना लोक फुलांचा रंग बघतात. सावलीसाठी निवडताना पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: हे झाड एप्रिल-मेमध्ये कोणत्या अवस्थेत असतं? आपल्या फुलझाडांपैकी कितीतरी नेमकी तेव्हा पानं टाकून उभी असतात. पळस, पांगारा, काटेसावर यांचा बहार सरतो तरी सावली सुरू झालेली नसते. बहावा सोनेरी झुंबरांनी लगडतो तेव्हा अंगावर पानं जवळजवळ नसतात. गुलमोहर उन्हाळ्याचा पूर्वार्ध उघड्या फांद्यांवर काढतो आणि मेमध्ये फुलांबरोबर त्याला पालवी फुटू लागते, तीही बारीक, जिच्यातून ऊन गाळून खाली येतं. रस्त्याच्या कडेला किंवा मोठ्या मैदानात ही झाडं जरूर लावावीत. तुमच्या खिडकीपुढे नकोत.

गुलमोहराबद्दल आणखी दोन आक्षेप आहेत. त्याचा घेर आडवा पसरून ४० फुटांपर्यंत जातो, म्हणजे ३० फूट रुंदीच्या अंगणात तो छपरावर आणि कुंपणापलीकडे जाणारच. शिवाय लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात मोठ्या फांद्या तुटतात आणि कधी झाडच उन्मळतं. सप्तपर्णी सदाहरित आहे, सावलीही गर्द देते, पण ती ५०-६० फूट सहज गाठते. पावसाळा संपल्यावर तिला जो बहार येतो त्याचा वास रात्री इतका उग्र होतो की काही जणांचं डोकं दुखतं. खोलीच्या खिडकीपासून १५ फुटांवर हे झाड लावून मग तोडायची वेळ येते, आणि तोडणं कोणालाच सुखाचं नसतं.

ताम्हण का? त्याची पानगळ हिवाळ्याच्या अखेरीला होते. गळण्यापूर्वी पानं तांबूस होतात, तेही पाहण्यासारखं असतं. एप्रिलपर्यंत नवी पालवी येते आणि मग त्याच हिरव्या घेरावर जांभळ्या फुलांचे तुरे उभे राहतात. सावली आणि फुलं एकाच वेळी, नेमकी हवी तेव्हा. उंची ३०-४० फूट, घेर आटोपशीर. त्याचा एक स्वभाव मात्र ओळखून घ्या: हे ओढ्याकाठचं झाड आहे. मुरमात पाण्याची ओढ झाली की पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते आणि फुलं विरळ येतात. पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी देणं जमणार असेल तरच ते लावा. जमणार नसेल तर त्या जागी करंज घ्या. त्याचीही जुनी पानं वसंतात गळतात आणि एप्रिलमध्ये तो चकचकीत पोपटी पालवीने भरलेला असतो, मुरमातही तग धरतो. त्याचा घेर ताम्हणापेक्षा रुंद होतो, म्हणून भिंतीपासून १८ फूट सोडा. करंजाच्या पानांवर पुटकुळ्या येतात. त्या कोळी नावाच्या अगदी बारीक किडीमुळे होतात, दिसायला वाईट दिसतात, पण झाडाला विशेष इजा करत नाहीत, म्हणून औषध मारत बसू नका. शेंगांतल्या बिया मात्र लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

बकुळ बाराही महिने हिरवी असते, घेर गोलसर आणि दाट, फांद्या चिवट, आणि सुवास मंद असल्याने खिडकीजवळ सुखाचा वाटतो. दोष एकच, ती सावकाश वाढते. ताम्हण नीट पाणी मिळालं तर चौथ्या-पाचव्या वर्षी खिडकीला उपयोगी पडायला लागेल, बकुळीला त्याच्या दुप्पट वेळ धरा. म्हणूनच दोन्ही एकदम लावायला सांगतो आहोत. शिवाय ताम्हण पान टाकतो तेव्हा बकुळ हिरवीच असते आणि अंगण पूर्ण बोडकं दिसत नाही.

कोणतं कुठे? बकुळ दक्षिणेकडच्या खिडकीपुढे, ताम्हण उत्तरेकडच्या. ताम्हण जास्त तहानलेला, त्याला सेप्टिक टँकपासून लांब ठेवा. चांगल्या, घट्ट पाइपमध्ये मुळं शिरत नाहीत. सांधा झिरपत असेल तर ओलाव्याच्या मागावर येऊन तिथून आत जातात आणि पाइप तुंबतो. टँक आणि त्याची पाइपलाइन कुठून जाते ते आखून घ्या आणि बकुळीपासून टँकपर्यंत किमान १५ फूट राहतात का ते टेपने मोजा. तुमच्याकडे खाली मुरूम आहे, त्यामुळे पायाची काळजी कमी. काळी चिकण माती असती तर भिंतीपासूनचं अंतर २०-२५ फूट करायला सांगितलं असतं, कारण मुळं पाणी ओढून घेतात तशी ती माती आकसते, भेगाळते आणि भिंतींना तडे जाऊ शकतात.

बारा फुटी तयार झाडाचा मोह टाळा. उंच खोड आणि खाली लहानशी पिशवी, म्हणजे त्या झाडाची मुळं बहुधा पिशवीत गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसलेली असतात. अशी मुळं लागवडीनंतरही गोलच फिरतात, पुढे खोडाचाच गळा आवळतात, आणि आठ-दहा वर्षांनी झाड एकाएकी सुकतं किंवा वाऱ्यात आडवं होतं. तोवर कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. ४-५ फूट उंचीचं, अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याचं, एकच सरळ शेंडा असलेलं रोप घ्या. काही वर्षांत ते मोठ्या झाडाला बहुतेक वेळा गाठतंच. घेताना खोड हलकेच हलवून बघा. सगळी पिशवी खोडाबरोबर हलली तर ठीक. खोड मातीत सैल डुलत असेल किंवा पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर जमिनीत गेलेलं असेल तर ते रोप सोडा.

खड्डा हा मुरमाच्या जागेतला सगळ्यात नाजूक भाग, इथे घाई करू नका. ३ फूट व्यासाचा आणि अडीच फूट खोल खड्डा घ्या. वरची चांगली माती एका बाजूला ठेवा, मुरूम दुसरीकडे काढून टाका. खड्ड्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत झालेल्या असतात, त्या पहारेने खरवडून, फोडून ठेवा, नाहीतर मुळं त्या भिंतीला अडून आतल्या आत फिरतात. आता खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला निदान एक इंच उतरलं तर निचरा ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर मुरमात तयार झालेली ती टाकी आहे, आणि पावसाळ्यात रोपाची मुळं त्यात कुजणार. अशा वेळी तळात पहारेने दीड-दोन फूट खोल तीन-चार भोकं पाडा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ८-१० इंच उंच उंचवट्यावर लावा.

भरताना तीन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड एकत्र करा. वरची माती पुरणार नाही, बाहेरून चांगली माती आणावी लागेल. कच्चं शेणखत घालू नका, ते कुजताना तापतं आणि वाळवीला बोलावतं. खड्डा लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी भरून दोनदा भरपूर पाणी देऊन बसू द्या. ताज्या भरलेल्या खड्ड्यात रोप लावलं की माती खाली बसते, तिच्याबरोबर रोपही बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळतं तो फुगीर भाग जमिनीच्या इंचभर वर दिसलाच पाहिजे. तो गाडला गेला की साल सतत ओली राहते आणि कुजते. रोपं मरतात त्यातलं हे एक मोठं कारण आहे, आणि दोष मात्र पाण्याला किंवा किडीला दिला जातो.

दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडने उभी कापून काढा, ओढून नाही. कडेला गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार चाकूने मातीच्या गड्ड्याला तीन-चार उभे छेद द्या, ती पुन्हा बाहेरच्या दिशेने फुटतात. खोडापासून दीड फुटावर दोन काठ्या रोवून सुती कापडाच्या पट्टीने सैल बांधा, उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर. खोड थोडं डुलायला हवं, डुलण्यानेच ते जाड होतं. वर्षाने काठ्या काढून टाका. बांधलेली सुतळी विसरली गेली तर ती सालीत रुतते.

पाणी: पाऊस नसेल तेव्हा पहिले दोन आठवडे एक दिवसाआड १०-१५ लिटर, नंतर आठवड्यातून दोनदा २० लिटर. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एकदा ३०-४० लिटर, ऐन उन्हाळ्यात ताम्हणाला दोनदा. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच राहतात. आळं दरवर्षी फूटभर बाहेर सरकवा, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं बुंध्याशी नसून घेराच्या कडेला आणि त्याच्याही पलीकडे असतात. आळ्यात वाळलेल्या पानांचं ३-४ इंच जाड आच्छादन ठेवा, खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा.

पानांच्या कचऱ्याचा प्रश्न इथेच सुटतो. ताम्हणाची पानं मोठी आहेत आणि ती थोड्या आठवड्यांत गळून संपतात, गोळा करायला सोपी. ती आळ्यातच टाका. बकुळीची पानं वर्षभर थोडी थोडी पडतात आणि फुलांचा सडा पडतो. कचरा अजिबात न करणारं सावलीचं झाड नसतं, पण या दोघांचा त्रास कमी आहे.

छाटणी पहिली दोन वर्षं जवळजवळ करूच नका. खालच्या बारीक फांद्या खोडाला पोसतात आणि कोवळी साल उन्हापासून झाकतात. फक्त शेंड्याला दोन फाटे फुटून अरुंद व्ही आकार झाला तर त्यातला एक लवकर काढा, कारण असा सांधा पुढे फाटतो. तिसऱ्या वर्षापासून खालच्या फांद्या एकेक करून काढा, पण एकूण उंचीच्या दोन तृतीयांश भागावर पानं राहतील असं बघा. फांदी खोडाला मिळते तिथे कडीसारखा फुगीर भाग असतो; कापताना ती कडी शाबूत ठेवून तिच्या बाहेर कापा. खोडाला सपाट कापलं तर जखम भरत नाही आणि वीतभर खुंट ठेवला तर तो आत कुजत जातो. शेंडा मात्र कधीच छाटू नका. छाटलेल्या जागेतून एकदम आठ-दहा फुटवे येतात, सालीला वरवर चिकटलेले, आणि मोठे झाले की वाऱ्यात पहिले तेच तुटतात.

झाडं मोठी होईपर्यंत खिडक्यांपुढे भिंतीपासून २-३ फूट सोडून पाइपची चौकट उभी करा आणि त्यावर मधुमालती चढवा. मधली जागा मोकळी असली की गरम हवा वर निघून जाते; वेल थेट भिंतीला चिकटवला तर ती तिथेच कोंडते. ताम्हणाचा घेर खिडकीपुढे आला की वेल दरवर्षी थोडा कमी करत न्या.

आणि अंगणात पुढेमागे फरशी किंवा पेव्हर बसवायचे ठरले तर प्रत्येक झाडाभोवती चारही बाजूंनी निदान ४ फूट माती उघडी ठेवायला गवंड्याला आधीच सांगा. बुंध्याभोवती सिमेंटचा गोल कट्टा बांधू देऊ नका. झाड लहान असताना तो नीटनेटका दिसतो. पुढे बुंधा जाड होतो, कट्ट्याला जागा उरत नाही, पाणी आत शिरत नाही आणि मुळं फरशी उचलू लागतात.